"तीस दिवसांत पहिल्या पानावर" म्हणणाऱ्या एजन्सीला हो म्हणावं का?

कलमवाला

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वडिलांच्या काळात सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. आता निम्म्याहून जास्त पेट्या आम्ही थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. साधीशी वेबसाइट आहे, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. पण गूगलवर "देवगड हापूस ऑनलाइन" टाकलं की आम्ही तिसऱ्या-चौथ्या पानावर. वर जे दिसतात त्यातल्या काहींचं देवगडात एक कलमही नाही, गावात कुणालाही विचारा.

मुंबईच्या एका एजन्सीने प्रस्ताव पाठवलाय. महिन्याला ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटांवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका) देणार. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक उपनगरासाठी वेगळं पान करणार, म्हणजे "हापूस आंबा कोथरूड", "हापूस आंबा वाकड", "हापूस आंबा डोंबिवली" अशी शंभरेक पानं. गूगल मॅप्सवर आमच्या नावापुढे "बेस्ट देवगड हापूस होम डिलिव्हरी" जोडणार. वर "सुरुवातीचे थोडे रिव्ह्यू आम्हीच टाकून देतो". तीस दिवसांत पहिलं पान, लेखी हमी. मुलगा बोलायला गोड. म्हणाला, "काका, सगळेच करतात."

मोहोर चांगला आलाय, मार्चपासून माल सुरू होईल. यात नेमकं काय वावगं आहे आणि काय चालतं? आणि सरळ मार्गाने मार्चच्या आत काही होऊ शकतं का? जाणकारांनी सांगावं.

तिरकस

लेखी हमी कुठल्या शब्दासाठी आहे ते आधी वाचा. "अमुकतमुक आंबा बाग देवगड जामसंडे रोड" या शोधावर पहिला नंबर मीही काढून देतो, फुकट.

सर्चसेवक

पुण्यात याच, म्हणजे साइटी गूगलवर वर आणायच्या (एसईओ) धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लिंकांचं. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये जी पद्धत मांडली तिचा गाभा असा की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे एक मत दिलं, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. मत मोजायला लागले की मतं विकत घेणारे येणारच. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीचं. २०१० च्या सणासुदीच्या महिन्यांत "कपडे", "चादरी-उशा", "गालिचे" काहीही शोधा, वर जेसी पेनी. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खोदकाम केलं तेव्हा दिसलं की घोरणं, मासेमारी, दंतवैद्य असल्या विषयांच्या हजारो फुटकळ पानांवर त्यांच्या लिंका पेरलेल्या आहेत. गूगलने दंड लावल्यावर काही शब्दांवर कंपनी पहिल्या नंबरावरून सत्तरीच्या घरात गेली. कंपनी म्हणाली आम्हाला ठाऊकच नव्हतं, आणि एजन्सीला काढून टाकलं. तुमच्या प्रस्तावातला "५०० बॅकलिंक" हा त्याचाच गरिबांचा अवतार.

पण आजची परिस्थिती त्याहून वेगळी आहे, आणि हे एजन्सीवाले सांगत नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, तेव्हा विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटी धडाधड खाली गेल्या. सप्टेंबर २०१६ पासून मात्र पेंग्विन बहुतेक वेळा शिक्षा करत नाही, ती लिंक नुसती मोजत नाही. म्हणजे तुमच्या ५०० लिंकांचं बहुधा काहीच होणार नाही. दंड नाही, फायदाही नाही, आणि पैसे गेले हे कळणारही नाही. रिपोर्टमध्ये "५०० लिंक्स डिलिव्हर्ड" असं हिरव्या रंगात येईल. दंडाची भीती सगळे घालतात, पण छोट्या माणसाचं खरं नुकसान हे असं गुपचूप होतं.

उपनगरांची पानं हा जुना खेळ. याला डोअरवे पेजेस म्हणतात. मजकूर तोच, फक्त कोथरूडच्या जागी वाकड. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने याच कारणासाठी यादीतून उडवली होती. सर्च इंजिनला "वापरलेल्या गाड्या" असल्या शब्दांनी ठासून भरलेलं पान दिसायचं, आणि माणूस गेला की जावास्क्रिप्ट त्याला गुळगुळीत चित्रांच्या दुसऱ्याच पानावर ढकलायचं. तुमच्या बाबतीत लपवाछपवी तेवढी नाही, पण शंभर पानांत एकही नवी माहिती नसेल तर ती कुणासाठी आहेत? कोथरूडकराला वाकडकरापेक्षा वेगळं काय सांगणार आहात?

हो, तुम्ही खरंच दर गुरुवारी कोथरूडला टेम्पो पाठवत असाल आणि पेट्या उतरवायची जागा ठरलेली असेल, तर त्या एका पानाला कुणीच नाव ठेवणार नाही.

मॅप्सच्या नावात शब्द घुसवणं नियमाबाहेर आहे, पाटीवर जे आहे तेच नाव लागतं. कुणी तक्रार केली तर नाव दुरुस्त होतं, कधी अख्खं प्रोफाइलच निलंबित. ते मार्चमध्ये झालं तर परत मिळवण्यातच एप्रिल निघून जाईल.

कलमवाला

सर्चसेवक, फार आभार. मार्च-एप्रिलचं तुम्ही बोललात तीच धास्ती आहे. आमचा धंदा अडीच महिन्यांचा. बाकी वर्षभर खर्चच.

सर्चसेवक

म्हणूनच तुम्हाला इंटरफ्लोराची गोष्ट सांगतो. ही ब्रिटनमधली फुलं पोचवणारी मोठी कंपनी. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइटांवर पैसे देऊन लेख छापून आणले, लेखात लिंका. गूगलने त्यांना असं पुसलं की खुद्द कंपनीचं नाव टाकलं तरी साइट दिसेना. अकरा दिवस. आणि तिथला मातृदिन मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे फुलवाल्यांचा ऐन हंगाम तोंडावर. लेख छापणाऱ्या वर्तमानपत्रांनाही फटका बसला.

तिरकस

अकरा दिवसांत परत आले ना? तेच म्हणतोय. बीएमडब्ल्यू काही दिवसांत परत. रॅप जीनियस नावाची गाण्यांच्या शब्दांची साइट, २०१३ च्या नाताळात पकडली गेली आणि दहा दिवसांत परत. का? लोकांनी बीएमडब्ल्यू शोधलं आणि बीएमडब्ल्यूच दिसली नाही तर हसं गूगलचं होतं. आमच्या कलमवाल्यांना उडवलं तर कोण हसणार, कोण रडणार? अर्ज करा आणि वाट बघा.

आणि हे "नियम" नियम म्हणून काय चाललंय? कायदा आहे का? एका खाजगी कंपनीच्या अटी आहेत. तीच कंपनी जाहिराती विकते, तीच निकाल लावते. २०१८ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने सर्चमध्ये पक्षपात केला म्हणून गूगललाच १३५.८६ कोटींचा दंड केला होता. भारत मॅट्रिमनीवाल्यांची तक्रार होती त्यात. क्लिकवरून क्रमवारी ठरत नाही असं वर्षानुवर्षं सूचित करत राहिले, आणि २०२३ मध्ये अमेरिकन कोर्टात त्यांच्याच उपाध्यक्षाने नेव्हबूस्ट ही क्लिकचा डेटा वापरणारी यंत्रणा असल्याची साक्ष दिली. मग ब्लॅक हॅट (नियम मोडून वर जाणारा) कोण आणि व्हाइट हॅट (नियमात राहणारा) कोण?

सर्चसेवक

तिरकसराव, यातलं बरंचसं मान्य. नियम सगळ्यांना सारखे लागत नाहीत हे धंद्यात असलेला प्रत्येक जण जाणतो. (२०१२ च्या जानेवारीत गूगलने क्रोमच्या स्वतःच्या पानालाच पैसे दिलेल्या लिंकांसाठी साठ दिवस खाली ढकललं होतं. पण ते बोभाटा झाल्यावर.) मोठ्या प्रकाशनांनी आपल्या नावावर तिऱ्हाइतांची कूपनची पानं चालवू नयेत असा नियम मार्च २०२४ मध्ये आला, आणि त्याच्यावरून युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलचीच चौकशी सुरू केली. म्हणजे नियम बरोबर की चूक यावर सरकारंही भांडताहेत.

पण म्हणून सगळं एका मापाने मोजता येत नाही. गूगलची अट मोडणं, गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं, आणि तिसऱ्याच्या मालमत्तेत घुसणं ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. "ब्लॅक हॅट" या एका नावाखाली तिन्ही कोंबली की मग एजन्सीवाला "सगळेच करतात" म्हणू शकतो. विकतच्या लिंका पहिल्या प्रकारात. खोटे रिव्ह्यू दुसऱ्या.

वाचनवेडी

तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण माझ्याकडे आहे.

आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयाची साइट मी सांभाळते, हौसेने. एक दिवस एका सभासदाने स्क्रीनशॉट पाठवला: गूगलवर ग्रंथालयाचं नाव टाकल्यावर खाली वर्णनात जपानी अक्षरं आणि नकली घड्याळांची जाहिरात. साइट उघडली तर सगळं व्यवस्थित. "साइट:" लिहून पुढे पत्ता टाकून शोधल्यावर आमच्या नावाखाली न संपणारी पानं निघाली, आम्ही कधीच न लिहिलेली. जपानी घड्याळं, रमी, सट्टा. कुणीतरी कधीतरी फुकट मिळालेली पायरेटेड वर्डप्रेस थीम (साइटचा तयार साचा) चढवली होती, त्यातून शिरकाव झाला.

नंतर कळलं की हा इतका सर्रास प्रकार आहे की गूगलने "जपानी कीवर्ड हॅक" या नावाने दुरुस्तीचं अख्खं पान लिहून ठेवलंय. ग्रंथालयं, शाळा, पालिका, सरकारी खाती यांच्याच साइटा का? कारण त्यांचं नाव चांगलं असतं आणि रखवालदार कुणी नसतो. दुसऱ्याने वर्षानुवर्षं कमावलेल्या विश्वासावर रात्रीतून सट्ट्याचा बोर्ड. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पण पकडणार कुणाला, तार परदेशात गेलेली.

कलमवालादादा, एजन्सीच्या ५०० लिंका कुठून येणार असतात असं वाटतं? अशा आमच्यासारख्यांच्या पोटातूनही येतात त्यातल्या काही. त्यांना विचारून तर बघा, "यादी आधी दाखवा".

कलमवाला

वाचनवेडीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. यादी मागितली आहे.

एक गिऱ्हाईक

मी आंबे खाणारा, एसईओतलं काही कळत नाही. पण गेल्या मोसमात पहिल्या निकालावर विश्वास ठेवून "अस्सल देवगड" पेटी मागवली. साल जाड, वास नाही, कापल्यावर रंगही फिका. घरच्या मंडळींच्या मते कर्नाटकचा माल. नंतर त्यांचे रिव्ह्यू नीट वाचले. पाच-पाच तारे, सगळे एकाच आठवड्यातले, निम्मे "नाइस प्रॉडक्ट फास्ट डिलिव्हरी". फळाची चव कशी होती ते एकानेही लिहिलेलं नाही! खराखुरा माणूस आंब्याबद्दल लिहितो तेव्हा दोन फळं नासकी निघाली हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा कलमवाले, तुम्ही खोटे रिव्ह्यू टाकलेत तर तुम्ही आणि तो यांच्यातला फरक मला ओळखायचं साधनच उरणार नाही. तुमचा आंबा खरा असूनही.

परदेशस्थ

+१. इथे अमेरिकेत एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारा सरकारी आयोग) ऑगस्ट २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर बंदीचा नियमच केला, ऑक्टोबरपासून लागू. प्रत्येक उल्लंघनाला दंड ५१ हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. भारतात काय स्थिती?

(अवांतर: न्यू जर्सीत हापूस मिळतो पण विकिरण करून, विमानाने. किंमत ऐकून आईने फोनवरच डोक्याला हात लावला.)

सर्चसेवक

नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानक आलं, पण ऐच्छिक म्हणून. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे.

आणखी एक. "रिव्ह्यू लिहा, पेटीमागे पन्नास रुपये सूट" हेही गूगलच्या नियमात बसत नाही. फक्त खूश गिऱ्हाइकालाच लिंक पाठवणं, हेही नाही. पेटी पोचली की सगळ्यांना एकच मेसेज पाठवा, चांगलं-वाईट जे असेल ते लिहू द्या. वाईटाला सभ्य उत्तर द्या. नासक्या फळांच्या तक्रारीला "बदलून दिली" असं खाली लिहिलेलं दिसलं की लोक उलट जास्त विश्वास ठेवतात.

तिरकस

गिऱ्हाइकाशी खोटं बोलू नये, मान्य. त्यावर माझा वाद नव्हताच. बँकेचा कस्टमर केअर नंबर म्हणून चोरांचे नंबर गूगलवर वर आणतात, लोकांची खाती रिकामी होतात, ती तर उघड चोरी. (कुणाचं झालं असेल तर १९३० वर ताबडतोब फोन करा.) माझा मुद्दा एवढाच की विकतच्या लिंका चालतच नाहीत असं सांगू नका. चालतात. वर बसलेले "देवगडवाले" काय ज्ञानेश्वरी वाचून वर गेलेत?

सर्चसेवक

काही काळ चालतात, हो. आणि ज्याला चालवायच्या असतात त्याचं गणित वेगळं असतं. तो फेब्रुवारीत नवं डोमेन (साइटचा पत्ता) घेतो, लिंकांचा मारा करतो, मे अखेर जे मिळालं ते घेतो, जूनमध्ये साइट मेली तरी त्याला सुतक नाही. पुढल्या वर्षी दुसरं नाव. त्या माणसाला ब्लॅक हॅट परवडतो, कारण त्याला नावच नाही. कलमवाल्यांच्या पेटीवर वडिलांचं नाव छापलेलं असणार. ते टाकून दुसरं कुठून आणणार?

कलमवाला

आजोबांचं.

बरं, यादी काही आली नाही. "कॉन्फिडेन्शियल" आहे म्हणाले. मग आता सरळ मार्गाचं सांगा. मार्चपर्यंत काय होईल?

सर्चसेवक

खरं सांगायचं तर मार्चपर्यंत पहिलं पान नाही. एसईओ करणाऱ्याला सुधारणा करून फळ दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं खुद्द गूगलचंच म्हणणं आहे, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. या मोसमासाठी जुन्या गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲप यादी आणि मॅप्सचं प्रोफाइल यांवर भर द्या. लागलं तर फेब्रुवारी-मार्चात थोडी उघड जाहिरात. जाहिरातीने क्रमवारी वाढत नाही, पण ती जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला दिसतं.

साइटवर काय घालाल? वर बसलेल्या व्यापाऱ्यांना जे लिहिताच येणार नाही ते. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर प्रमाणपत्र क्रमांकासह टाका, नसेल तर आधी नोंदणी करा. बागेचे खरे फोटो, आत्ताचा मोहोर, फवारणी कधी आणि कशाची, पहिली तोडणी कधी अपेक्षित. पेटीत किती डझन, फळाचं वजन किती, कुठल्या आकाराला काय दर. आढीत किती दिवस ठेवायचा, फ्रिजमध्ये कधी घालायचा. तुम्हाला फोनवर जे दहा प्रश्न रोज विचारतात त्यांची उत्तरं तुमच्याच भाषेत लिहा, चॅटजीपीटीच्या नको. मशीनने लिहिलं म्हणून गूगल शिक्षा करत नाही, पण नवं काही नसलेला घाऊक मजकूर मार्च २०२४ पासून स्पॅममध्ये धरतात, माणसाने लिहिलेला असला तरी.

लिंका हव्याच असतील तर खऱ्या मागा. तालुक्याची आंबा उत्पादक संस्था, कृषी महोत्सव, तुमच्याकडे राहून गेलेला एखादा खाद्यब्लॉगर. पाचच मिळतील, पण त्या मोजल्या जातील.

फॉन्टफोड्या

साइट बघून आलो (दादांनी व्यक्तिगत निरोपात पत्ता दिला होता). तुमचा अर्धा घोळ एसईओच्याही अलीकडचा आहे.

दरपत्रक आणि "आमच्याविषयी" ही दोन्ही पानं कोरलड्रॉमध्ये केलेली जेपीजी आहेत. चित्रात गूगल वाचेल या भरवशावर राहू नका, मजकूर म्हणून टाका. आणि "बागेचा इतिहास" या पानावरचा मजकूर कॉपी करून नोटपॅडात पेस्ट करून बघा. रोमन अक्षरांचा कचरा येतो ना? तो जुन्या श्रीलिपी छापाच्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत मराठी नाहीच. सर्च इंजिनच्या लेखी ते पान कोऱ्या कागदापेक्षा वाईट. युनिकोडमध्ये (ज्यात संगणकालाही ते मराठीच दिसतं) बदला, कन्व्हर्टर फुकट मिळतात, नंतर जोडाक्षरं मात्र एकदा डोळ्यांखालून घाला. मराठीतल्या कितीतरी जुन्या साइटा याच कारणाने शोधात कधीच आल्या नाहीत, आणि मालक बिचारे एजन्सी बदलत बसले.

कलमवाला

अरे देवा. तो मजकूर आमच्या शाळेतल्या सरांनी लिहून दिलेला, त्या साइटवरचा सगळ्यात चांगला लेख आहे!

एक शंका. लोक "हापुस" लिहितात, "अल्फान्सो" लिहितात, "देवगड मँगो" रोमनमध्ये टाकतात. एजन्सी म्हणत होती की हे सगळे शब्द तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात टाकून ठेवू.

फॉन्टफोड्या

२००० साली चालायचं ते. आता दिसलं तर स्पॅम. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका गूगल बऱ्यापैकी समजून घेतं. "अल्फान्सो" वाक्यात एकदा सहज येऊ द्या. रोमनवाल्यांसाठी वेगळं इंग्रजी पान करा, पूर्ण, आणि दोन्ही पानं एकमेकांना एचरेफलँगने (कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते गूगलला सांगणारी खूण) जोडा.

वाचनवेडी

दादा, एक आधी बघा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते गूगल मालकाला दाखवतं ते खातं) आणि मॅप्सचं प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर? आम्ही साफसफाईला बसलो तेव्हा कळलं की सगळं पूर्वीच्या एका स्वयंसेवकाच्या खात्यावर होतं.

कलमवाला

बघितलं. मॅप्स मुलीच्या ईमेलवर आहे. डोमेन मात्र ज्याने साइट करून दिली त्याच्या नावावर. कणकवलीला असतो, ओळखीचा आहे. उद्याच गाठतो.

सर्चसेवक

उद्याच गाठा, आणि नूतनीकरणाची तारीख विचारून घ्या. ती एप्रिलमध्ये निघाली तर आत्ताच पैसे भरून टाका. ट्रान्स्फर कोड मागा, डोमेन तुमच्या ईमेलवर घ्या, मगच बाकीचं काम सुरू करा. सर्च कन्सोल उघडलंत की "मॅन्युअल ॲक्शन्स" (गूगलच्या माणसांनी लावलेले दंड) या पानावर काय लिहून येतं ते इथे टाका. आधीच्या माणसाने काही पेरून ठेवलं असेल तर तिथे कळेल.